टेक्सासची ‘ओपन रेकॉर्ड्स’ सेवा: अर्ज सोपा, पंच मात्र मैदानातलाच

टेक्सासमध्ये एखादा सरकारी कागद मागितला आणि कार्यालयाला तो द्यायचा नसला, तर ते कार्यालय सहसा परस्पर ‘नाही’ म्हणू शकत नाही. त्याला ऑस्टिनला, राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या सर्वोच्च वकिलाकडे, लेखी विचारावं लागतं की हा कागद झाकायची मुभा आहे का. ॲटर्नी जनरलच्या ओपन रेकॉर्ड्स विभागातले वकील तो कागद वाचतात आणि निर्णयपत्र काढतात. अर्जदाराला यासाठी एक सेंटही मोजावा लागत नाही आणि वेगळा अर्जही करावा लागत नाही. डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन परिसरात मराठी कुटुंबं आता इतकी रुजली आहेत की शाळांच्या बदललेल्या हद्दींपासून घराच्या कर-मूल्यांकनापर्यंत सगळ्याशी त्यांचा संबंध येतो. त्यांच्यासाठी, आणि महाराष्ट्रात माहिती अधिकाराचे अर्ज टाकून हात बसलेल्यांसाठीही, या सेवेचं हे परीक्षण.

निकाल आधीच सांगून टाकायचा तर असा: शहर, शाळा, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) पातळीवरच्या रोजच्या कागदांसाठी ही सेवा चांगली आहे, काही बाबतींत आपल्या माहिती अधिकारापेक्षाही सरस. पण कागद जसजसा सत्तेच्या जवळ जातो तसतशी ती लुळी पडते, आणि खुद्द ॲटर्नी जनरलचेच कागद मागितले की तिचं काही खरं नाही. इथला पंच पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो आणि आपल्या स्वतःच्या कार्यालयाच्या बाबतीतही निर्णय त्याच्याच हाताखालचे लोक देतात.

कायद्याचं नाव टेक्सास पब्लिक इन्फर्मेशन ॲक्ट, शासन संहितेचं ५५२ वं प्रकरण. १९७१ साली शार्पस्टाउन शेअर घोटाळा बाहेर आला, त्यात राज्यातले मोठमोठे पुढारी अडकले, आणि त्या संतापाच्या लाटेवर निवडून आलेल्या विधिमंडळाने १९७३ मध्ये हा कायदा केला. आपला केंद्रीय कायदा २००५ चा, महाराष्ट्राचा स्वतःचा २००२ चा. म्हणजे टेक्सासला तीन दशकांची आघाडी होती, आणि घड्याळाच्या बाबतीत ती दिसते.

अर्ज कोणीही करू शकतो. नागरिकत्व लागत नाही, टेक्सासमध्ये राहणं लागत नाही. भारतातला माहिती अधिकार फक्त भारतीय नागरिकांना आहे. इथे एच-वन व्हिसावरचा माणूस, त्याला भेटायला आलेले आईवडील, किंवा नाशिकला बसून टेक्सासमधल्या एखाद्या विद्यापीठाचं कंत्राट तपासणारा पत्रकार, सगळ्यांचा हक्क सारखाच. १० रुपयांचं तिकीट नाही, ठरावीक नमुना नाही, १५० शब्दांची मर्यादा नाही. अर्ज लेखी हवा, एवढंच. आणि कशासाठी हवंय हे विचारायची कार्यालयाला बंदी आहे.

पहिली ठेच मात्र इथेच लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक कार्यालय माहितीच्या अर्जांसाठी एक टपाल पत्ता आणि एक ईमेल पत्ता नेमून देऊ शकतं. तसा नेमला असेल तर त्याच पत्त्यावर पाठवलेला अर्ज धरला जातो. ओळखीच्या कर्मचाऱ्याला, नगरसेवकाला किंवा मुख्याध्यापकांना केलेला ईमेल अर्ज म्हणून मोजला जाईलच असं नाही, आणि तो मोजला गेला नाही तर घड्याळ सुरूच होत नाही. संकेतस्थळावर ‘पब्लिक इन्फर्मेशन रिक्वेस्ट’चं पान शोधून तिथलाच पत्ता वापरावा. बऱ्याच मोठ्या शहरांनी ऑनलाइन पोर्टल ठेवलंय, तेही चालतं. पोर्टलवरून मिळालेला क्रमांक आणि वेळ जपून ठेवावी.

घड्याळाचं गणित असं. कार्यालयाने माहिती ‘तत्परतेने’ द्यायची आहे. १० कामकाजाच्या दिवसांत देता येत नसेल तर तसं लेखी कळवून कधी देणार ती तारीख द्यायची. माहिती झाकायची असेल तर त्याच १० दिवसांच्या आत ॲटर्नी जनरलकडे निर्णय मागायचा, कायद्यातल्या कोणत्या अपवादाखाली झाकायची ते सांगायचं आणि अर्जदारालाही कळवायचं. १५ व्या कामकाजाच्या दिवसापर्यंत सविस्तर युक्तिवाद आणि कागदांच्या प्रती, किंवा कागद फार असतील तर नमुने, ॲटर्नी जनरलकडे पोचायला हवेत. मग ॲटर्नी जनरलला ४५ कामकाजाचे दिवस, अडचण असेल तर आणखी १०. कामकाजाच्या दिवसांत शनिवार, रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत. शिवाय २०२३ च्या दुरुस्तीने कार्यालयांना वर्षातले १० पर्यंत दिवस ‘कामकाजाचे नाहीत’ असं ठरवायची मुभा दिली आहे. नाताळच्या तोंडावर टाकलेला अर्ज म्हणून जानेवारीतच हलतो. सगळं धरून, वाद झालेल्या कागदाला साधारण तीन महिने लागतात असं मनाशी धरून चालावं.

तीन महिने ऐकून इथले लोक कुरकुरतात. पण महाराष्ट्रात ३० दिवसांनी जनमाहिती अधिकाऱ्याचा नकार, मग पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील आणि तिथे तारखेची वाट पाहणं, हा प्रवास ज्यांनी केलाय त्यांना तीन महिने म्हणजे चैन वाटेल. मुख्य फरक हा की टेक्सासमध्ये नकार दिल्यावर पळापळ कार्यालयाला करावी लागते, अर्जदाराला नाही. आणि १० दिवसांची मुदत कार्यालयाने चुकवली, तर ती माहिती जाहीर आहे असं कायदाच गृहीत धरतो. झाकायला मग ‘सबळ कारण’ लागतं. या एका तरतुदीसाठी मी या सेवेला भरघोस गुण देईन.

उलट बाजूला, आपल्याकडे माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड स्वतःच्या खिशातून भरावा लागू शकतो. टेक्सासमध्ये असा रोजचा दंड नाही. माहिती द्यायला नकार देणं हा कागदोपत्री गुन्हा आहे, १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत काउंटी तुरुंग, पण त्याखाली खटले क्वचितच उभे राहतात. अधिकाऱ्याला वैयक्तिक धाक असा फारसा नाही.

पैशांचा भाग

अर्ज फुकट असला तरी प्रती फुकट नसतात. साध्या पानाला १० सेंट. कागद शोधून, जुळवून, त्यातला गोपनीय मजकूर काळा करून द्यायला लागणाऱ्या मजुरीला तासाला १५ डॉलर. त्या मजुरीवर २० टक्के कार्यालयीन खर्च. खास संगणकीय प्रोग्रॅम लिहून माहिती काढावी लागली तर तासाला २८.५० डॉलर.

समजा ३०० पानं आणि चार तासांचं काम निघालं. पानांचे ३०, मजुरीचे ६०, त्यावरचे १२: एकूण १०२ डॉलर. अंदाज ४० च्या वर गेला की कार्यालयाने तपशीलवार अंदाजपत्रक पाठवायलाच हवं, आणि १०० च्या वर गेला की ते अनामत मागू शकतं (१६ पेक्षा कमी पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या छोट्या कार्यालयात ५० च्या वर). आता ह्याच अर्जात ‘ईमेलने पीडीएफ चालेल’ एवढं लिहिलं तर पानांचे ३० वाचतात, रक्कम ७२ वर येते आणि अनामतीचा विषय संपतो. ५० पानांपर्यंतच्या कागदी प्रतींना तर मजुरीच लावता येत नाही, फक्त पानांचा खर्च. अपवाद कागद वेगवेगळ्या इमारतींत किंवा दूरच्या गोदामात असतील तर. म्हणून ५०-५० पानांचे सहा अर्ज एकाच दिवशी टाकायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका: एकाच दिवशी आलेले अर्ज एकत्र मोजायचा कार्यालयाला अधिकार आहे.

अंदाजपत्रकाचा ईमेल सर्वांत घातक. त्याला १० कामकाजाच्या दिवसांत लेखी उत्तर दिलं नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. असे ईमेल पुष्कळदा पोर्टलकडून स्वयंचलित येतात आणि स्पॅममध्ये जातात. तसंच स्पष्टीकरणाचं. कार्यालयाने ‘नेमकं काय हवंय’ असं विचारलं आणि ६१ दिवसांत उत्तर गेलं नाही, तर अर्ज बाद. वर, २०१० च्या सिटी ऑफ डॅलस विरुद्ध ॲबट निकालामुळे, कार्यालयाने प्रामाणिकपणे स्पष्टीकरण मागितलं असेल तर १० दिवसांचं घड्याळ तुमचं उत्तर पोचल्यापासून नव्याने सुरू होतं. चालढकल करायची असेल तर नवव्या दिवशी स्पष्टीकरण मागायचं, हा कार्यालयांचा ठरलेला डाव. त्यावर उतारा एकच: पहिल्याच अर्जात शंकेला जागा ठेवायची नाही.

‘शाळेच्या बसबद्दलची सगळी माहिती द्या’ हा अर्ज मरणार. ‘१ ऑगस्ट २०२४ ते ३१ मे २०२५ या काळात लागू असलेला बस कंत्राटदाराशी झालेला करार, त्यातल्या दुरुस्त्या आणि दरमहा अदा केलेली बिलं’ हा जगणार. प्रश्न विचारू नयेत. कार्यालय उत्तरं द्यायला किंवा नवा तक्ता बनवायला बांधील नाही, असलेला कागद द्यायला बांधील आहे. ईमेल हवे असतील तर दोन किंवा तीन अधिकाऱ्यांची नावं, तारखा आणि शोधशब्द द्यावेत. आणि शेवटी दोन वाक्यं जरूर टाकावीत: वकिलांशी झालेला पत्रव्यवहार वगळावा; सामाजिक सुरक्षा क्रमांक आणि खासगी नागरिकांचे ईमेल पत्ते काळे केले तरी हरकत नाही. या दोन वाक्यांनी कार्यालयाचं ॲटर्नी जनरलकडे जायचं निम्मं निमित्त काढून घेतलं जातं, आणि कागद तीन महिन्यांऐवजी दोन-तीन आठवड्यांत हातात येऊ शकतो. ही सेवा उत्तम वापरायची रीत म्हणजे शक्य तिथे तिच्यापर्यंत गोष्ट जाऊच न देणं. परीक्षणात हे लिहायला विचित्र वाटतं, पण वस्तुस्थिती तीच आहे.

पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागताना वेगळा नियम आहे. त्यात घटनेची तारीख आणि साधारण वेळ, नेमकं ठिकाण आणि चित्रणात असलेल्या किमान एका व्यक्तीचं नाव हे तिन्ही द्यावं लागतं. एक जरी राहिलं तरी अर्ज ग्राह्य धरत नाहीत. पोलिसांना तिथे ॲटर्नी जनरलकडे जायला १० ऐवजी २० कामकाजाचे दिवस मिळतात.

प्रकरण ऑस्टिनला गेल्यावर

दहाव्या दिवशी येणारं पत्र कसं असतं ते एकदा पाहिलं की घाबरायला होत नाही. दोनेक पानांचं, ॲटर्नी जनरलच्या नावे, प्रत अर्जदाराला. त्यात अपवादांच्या कलमांची रांग असते: ५५२.१०१, १०३, १०७, १०८, १११. बऱ्याचदा सरसकट, जे सुचेल ते, कारण दहा दिवसांत जो अपवाद मांडला नाही तो नंतर गमावण्याची भीती असते. पाच दिवसांनी येणाऱ्या युक्तिवादात यातले निम्मे गळालेले दिसतात. ते दुसरं पत्र नीट वाचावं.

अर्जदाराला यात बोलायचा हक्क आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात. कलम ५५२.३०४ खाली कोणीही ॲटर्नी जनरलला लेखी म्हणणं पाठवू शकतो. भावना लिहू नयेत, तारखा लिहाव्यात. अर्ज कधी पोचला, निर्णयाची विनंती कधी गेली, मध्ये किती कामकाजाचे दिवस झाले. मुदत टळली असेल तर १०३ आणि १११ सारखे ऐच्छिक अपवाद सहसा गळून पडतात. १०३ म्हणजे दाव्याचा अपवाद. अर्ज आला त्या दिवशी दावा चालू होता किंवा होण्याची ठोस शक्यता होती हे कार्यालयाने दाखवायला हवं. ‘कोणीतरी रागावलंय’ एवढ्याने भागत नाही. आणि समोरच्या पक्षाने तो कागद आधीच पाहिला असेल तर हा अपवाद टिकत नाही. १११ धोरणावरच्या अंतर्गत सल्ल्याला आणि मतांना लागतो, नुसत्या वस्तुस्थितीला आणि रोजच्या प्रशासकीय कामाला नाही. एवढे तीन मुद्दे एका पानात मांडले तरी निर्णयात फरक पडू शकतो.

निर्णयपत्राला ‘ओआर’, मग वर्ष, मग क्रमांक असं नाव असतं आणि ती सगळी ॲटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर शोधता येतात. दर वर्षी अशी ३० हजारांहून जास्त पत्रं निघतात. बहुतेक दोन-चार पानांची आणि भाषा साचेबद्ध. वाचताना ‘झाकायलाच हवं’ आणि ‘झाकता येईल’ यांत गल्लत करू नये. पहिल्यात कार्यालयाचे हात बांधलेले असतात. दुसऱ्यात ते राजीखुशीने माहिती देऊ शकतं, म्हणून निर्णय विरुद्ध गेला तरी नगर परिषदेच्या सभेत, शाळा मंडळाच्या बैठकीत ‘कायदा तुम्हाला अडवत नाही, मग का देत नाही?’ हा प्रश्न विचारायची जागा उरते. स्थानिक निवडणूक जवळ असेल तर हा प्रश्न चांगला लागू पडतो. निर्णय बाजूने आला तर कार्यालयाने साधारण ३० दिवसांत माहिती द्यायची, किंवा ॲटर्नी जनरलवर ट्रॅव्हिस काउंटीत दावा लावायचा. अर्जदारावर दावा लावायला कार्यालयाला बंदी आहे, ही फार मोलाची तरतूद.

इथपर्यंत सेवेला दहापैकी सात द्यायला हरकत नाही. पुढचा भाग गुण कापणारा आहे.

पंच आणि खेळाडू

टेक्सासमध्ये ॲटर्नी जनरलला राज्याचा सर्वोच्च वकील म्हणतात, पण फौजदारी खटले चालवण्याचा मुख्य अधिकार काउंटी आणि जिल्ह्यांच्या वकिलांकडे असतो. राज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने २०२१ मध्ये तसं स्पष्टही केलं. हे पद म्हणजे राजकारणातली मोठी पायरी. जॉन कॉर्निन इथून अमेरिकेच्या सिनेटवर गेले, ग्रेग ॲबट राज्यपाल झाले. अशा माणसाच्या हाताखाली माहिती झाकायची की उघडायची हे ठरवणारा विभाग असणं, हाच रचनेतला दोष आहे. विभागातले वकील प्रामाणिकपणे काम करतात याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सही ज्याच्या नावाने होते त्याला मतं मागायची असतात.

१७ एप्रिल २०१३ रोजी वेस्ट नावाच्या गावात खतांच्या गोदामाचा स्फोट झाला, १५ माणसं गेली. गोदामात अमोनियम नायट्रेट होतं. आपल्या शेजारी असली रसायनं कुठे आहेत हे लोकांनी विचारायला सुरुवात केली, तर २०१४ मध्ये ॲबट यांच्या कार्यालयाने ही यादी दहशतवादाच्या धोक्यामुळे झाकता येईल असा निर्णय दिला. वर ॲबट यांनी सुचवलं की लोकांनी गाडीने फिरून कारखान्यांनाच विचारावं. ते त्या वर्षी राज्यपालपदाचे उमेदवार होते. प्रचारात त्यावर गदारोळ झाला, निर्णय मात्र तसाच राहिला.

कधीकधी दोष ॲटर्नी जनरलचा नसून न्यायालयाचा असतो. २०१५ च्या बोइंग विरुद्ध पॅक्सटन निकालाने स्पर्धेचा अपवाद (उघड केल्याने स्पर्धकाला फायदा होईल अशी माहिती झाकायची मुभा) इतका ताणला की सरकारशी झालेले पूर्ण करारसुद्धा झाकता येऊ लागले. मॅकॲलन शहराने त्याच वर्षी नाताळच्या सोहळ्यात गायक एन्रिके इग्लेसियसला किती पैसे दिले हे त्याच अपवादाखाली लपवलं. नंतर आकडा बाहेर आला: ४,८५,००० डॉलर. २०१९ मध्ये विधिमंडळाने ही पळवाट बरीचशी बुजवली, म्हणून आज कंत्राटाची एकूण रक्कम कोणी नाकारली तर त्या दुरुस्तीवर बोट ठेवावं.

पोलिसांच्या १०८ व्या कलमातली पळवाट अजून उघडी आहे. ज्या तपासाचा शेवट दोषसिद्धीत झाला नाही ते कागद झाकता येतात. आरोपीच मेला तर दोषसिद्धी होणार कशी? मग पोलिसांच्या कोठडीत किंवा गोळीने मेलेल्या माणसाच्या घरच्यांनाही कागद नाकारता येतात. २४ मे २०२२ रोजी युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, हल्लेखोर तिथेच मारला गेला, आणि पोलीस तास उलटून गेल्यावरही वर्गात का शिरले नाहीत याचे कागद मागणाऱ्यांसमोर असलेच अपवाद उभे केले गेले. शहराने आपले कागद आणि चित्रणं ऑगस्ट २०२४ मध्ये दिली, तीही वृत्तसंस्थांनी दावा लावल्यावर. २०२३ मध्ये ही पळवाट बंद करायचं विधेयक आलं होतं, ते पार झालं नाही.

आणि आता केन पॅक्सटन, २०१५ पासून ॲटर्नी जनरल. ६ जानेवारी २०२१ रोजी ते वॉशिंग्टनमधल्या ट्रम्प यांच्या सभेत बोलले. त्याच दिवशी कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनावर, हल्ला झाला. टेक्सासमधल्या वृत्तपत्रांनी त्या दिवसांतले त्यांचे संदेश आणि ईमेल मागितले. त्यांच्या कार्यालयाने ५ ते ११ जानेवारीचा पत्रव्यवहार वकील-अशील गोपनीयतेखाली अडवला. वकिलांचं कार्यालय म्हटल्यावर प्रत्येक कागद वकिलाचाच, मग मागायचं काय? वृत्तपत्रांनी ट्रॅव्हिस काउंटीच्या जिल्हा वकिलाकडे तक्रार केली. जानेवारी २०२२ मध्ये जिल्हा वकिलाच्या कार्यालयाने कळवलं की कायद्याचा भंग झालाय, चार दिवसांत दुरुस्त करा नाहीतर दावा लावू. पॅक्सटन यांच्या कार्यालयाने तक्रार निराधार ठरवून टाकली. खासगी फोनवरचे सरकारी कामाचे संदेशही सार्वजनिक असतात आणि ते जपून ठेवून, कार्यालयाने मागितल्यावर १० दिवसांत सुपूर्द करायचे, हा नियम २०१९ पासून आहे. तो इतरांना समजावून सांगणारं कार्यालय हेच.

त्याआधीचं प्रकरण याहून गंभीर. २०१९ मध्ये ऑस्टिनमधला बांधकाम व्यावसायिक नेट पॉल याच्या घरावर आणि कार्यालयांवर एफबीआयने छापे घातले. त्या तपासाचे राज्य पोलिसांकडचे कागद मागणारे अर्ज ओपन रेकॉर्ड्स विभागात आले. पॉल हा पॅक्सटन यांचा देणगीदार. सप्टेंबर २०२० च्या अखेरीस पॅक्सटन यांच्याच वरिष्ठ सहकाऱ्यांनी एफबीआयकडे तक्रार केली की साहेब पद वापरून पॉलचं भलं करतायत. मे २०२३ मध्ये टेक्सासच्या विधानसभेने २० आरोप ठेवून १२१ विरुद्ध २३ मतांनी महाभियोग चालवला. सभागृहात बहुमत पॅक्सटन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचं होतं. तिसरा आरोप असा की राज्य पोलिसांच्या कागदांच्या अर्जावर योग्य निर्णय देऊ नका असं त्यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं, आणि दुसऱ्या एका अर्जावर कायद्याच्या आणि पूर्वनिर्णयांच्या विरुद्ध निर्णय दिला. चौथा आरोप असा की विभागात निर्णयासाठी आलेली, बाहेर न गेलेली माहिती त्यांनी पॉलच्या फायद्यासाठी मिळवली. राज्याच्या सिनेटने (वरिष्ठ सभागृहाने) १६ सप्टेंबर २०२३ रोजी त्यांना निर्दोष सोडलं, हे इथे स्पष्ट लिहिलं पाहिजे. तक्रार केल्यावर ज्यांना कामावरून काढलं त्यांपैकी चौघांना एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने ६६ लाख डॉलर मंजूर केले.

आरोप सिद्ध झाला नसला तरी सेवा वापरणाऱ्याने त्यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी: कार्यालयं ज्या विभागाकडे झाकलेले कागद पूर्ण, न काळे करता पाठवतात, त्या विभागाचा प्रमुख एक राजकारणी आहे आणि त्याच्यात आणि त्या कागदांत भिंत नाही. कंत्राटदारांनी, छोट्या धंदेवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. तुमची व्यापारी गुपितं कोणी मागितली की तुम्हाला नोटीस येते आणि म्हणणं मांडायला १० कामकाजाचे दिवस मिळतात. ती नोटीस दुर्लक्षून चालणार नाही.

हा रोग टेक्सासपुरता नाही. मिसूरीत ॲटर्नी जनरल जॉश हॉली यांच्या कार्यालयाने २०१८ मध्ये राज्यपालांच्या संदेश आपोआप पुसणाऱ्या ॲपची चौकशी केली. पुढे २०२२ मध्ये न्यायाधीशांनी ठरवलं की हॉलींच्या काळात त्याच कार्यालयाने खासगी ईमेलवरचा पत्रव्यवहार जाणूनबुजून दडवला, आणि १२,००० डॉलर दंड ठोठावला. पण मिसूरीत निदान साध्या न्यायालयात दाद लागली. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये ठरवलं की राज्यपाल आणि ॲटर्नी जनरल यांच्यासारख्या राज्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना कागद द्यायचा हुकूम करायचा अधिकार जिल्हा न्यायालयांना नाही, फक्त सर्वोच्च न्यायालयालाच आहे. ‘अमेरिकन ओव्हरसाइट’ या संस्थेचा ६ जानेवारीच्या कागदांसाठीचा दावा यातच अडला. सामान्य अर्जदाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की शहराविरुद्ध वकील करून दावा लावणं परवडू शकतं. राज्यपाल किंवा ॲटर्नी जनरल यांच्याविरुद्ध ते दार जवळजवळ बंद आहे.

म्हणून राज्य पातळीवरचा कागद हवा असेल तर तो दुसऱ्या टोकाकडून मागावा. पत्रव्यवहाराला नेहमी दोन टोकं असतात. राज्यपाल कार्यालयाने एखाद्या शहराला पाठवलेलं पत्र शहराकडेही असतं. राज्याच्या खात्याचं कंत्राट त्याच विषयावर काम करणाऱ्या काउंटीकडे किंवा विद्यापीठाकडे सापडतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारशी झालेला पत्रव्यवहार तिथल्या केंद्रीय माहिती कायद्याखाली, दुसऱ्या राज्याशी झालेला तिथल्या कायद्याखाली मागता येतो. एकाच मजकुराचे दोन अर्ज दोन कार्यालयांना टाकले आणि एकाने दिलेलं दुसऱ्याने काळं केलं, तर काळ्या पट्टीखाली काय होतं हे आयतं कळतं, आणि तो पुरावा ५५२.३०४ च्या निवेदनाला जोडता येतो.

अर्जाला उत्तरच न देणारी कार्यालयं हा जुना वैताग होता. ‘आमच्याकडे असा कागद नाही’ हेही न कळवता गप्प बसायचं. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते १० कामकाजाच्या दिवसांत लेखी कळवणं बंधनकारक झालंय, आणि नाही कळवलं तर ॲटर्नी जनरलकडे तक्रार करता येते. शहर किंवा शाळा मंडळ असेल तर ही तक्रार जरूर करावी. अर्जाचा ईमेल, पोचपावती आणि दिवस मोजलेलं कॅलेंडर सोबत जोडावं. त्यात संबंधित कार्यालयाच्या सुट्ट्यांची यादीही ठेवावी, कारण पहिला वाद तिच्यावरूनच होतो.